धूर न फाटता गेला

वाऱ्याच्या बोगद्याच्या काचेला हात टेकवून शलाका उभी होती. आत तिनं घडवलेली हातभर लांब नमुन्याची गाडी होती, अंगभर लोकरीचे धागे चिकटवलेली. वाऱ्याचा रोध कमी आला, तरच विद्यापीठाची शर्यतीची गाडी या नमुन्याच्या घडणीची होणार होती. पहिल्या चाचणीत धूर गाडीच्या रुंद पाठीमागे भोवरे घेत अडकला होता. आता शेवटचीच संधी होती.

पंखा घरघरला. पांढरा धूर आला,

गाडीला टेकला,

वर चढला,

उतरला,

आणि कुठेही न फाटता निघून गेला. लोकरीचे धागे झोपलेल्या बाळाच्या जावळासारखे निवांत होते. त्या धुरावर आपणच पाठ टेकून वाहत चाललोय, असं शलाकाला वाटलं.

"रोध निम्म्यावर आला गं!" आकडे वाचणारा तिचा जोडीदार तन्वीर ओरडला आणि त्यानं लगेच जीभ चावली. "अगं, पण पुसून परत लावताना मी गाडी उलटी लावली. वारा मागून येतोय."

टिळेकर सर हसले. "शाब्बास, इंजिनीअर! चला, सुलटी करा."

शलाका हलली नाही. लहानपणापासून तिनं गाड्यांची नाकं टोकदारच काढली होती, या गाडीचंही. वेगाला टोक पुढे लागतं, असंच तिला वाटे. पण मासा तर डोक्याकडे जाड आणि शेपटीकडे निमुळता असतो.

"सर, गाडी सुलटीच आहे," ती हळूच म्हणाली. "फक्त चालकाचं तोंड फिरवायचं राहिलंय."