शेपटीवर बसलेलं सेबर

विमान शेपटीवर बसलं.

ओगुरीने ते देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर अलगद ठेवून हात काढला, आणि नाक हवेत, बूड खाली. त्याने पुन्हा नीट टेकवलं. पुढचं चाक क्षणभर पाटाला लागलं आणि परत वर उचललं गेलं.

"अहो, हे तर बसलं की," मित्सुए वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यासारखंच. घरात पाऊल टाकलं की बैठक मारायचे."

ओगुरीचे कान लाल झाले. सेबर जेटचं प्लॅस्टिकचं मॉडेल करताना अंगाचे दोन अर्धे भाग चिकटवण्याआधी नाकात वजनासाठी शिसं भरायचं असतं, हे हामामात्सु शहरातल्या कुठल्याही शाळकरी पोराला ठाऊक असतं. एकदा चिकटवलं की संपलं. ओगुरी तर ही मॉडेलं वीस वर्षं करत होता, आणि त्याआधी हवाई तळावर खरी सेबर सांभाळत होता. मासे धरायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या त्याने डबीत काढून ठेवल्या होत्या. डबी घरी टेबलावर तशीच राहिली होती.

का राहिली, तेही त्याला माहीत होतं. भाग मिटण्याआधी त्याने वैमानिकाच्या खुर्चीखाली एक स्क्रूड्रायव्हर चिकटवला होता. तांदळाच्या कणीएवढा, मुठीवर लाल पट्टी. तो चिकटवल्यावर कधी एकदा सगळं मिटवून टाकतो असं त्याला झालं, आणि शिशाचं भानच राहिलं नाही. आता तो स्क्रूड्रायव्हर बाहेरून कुणालाही दिसणार नव्हता. भित्र्या माणसाची कबुली अशीच असायची.

आज वहिनींच्या यजमानांचं, वैमानिक मियाता साहेबांचं तेहतिसावं श्राद्ध होतं, मृत्यूचं साल धरून तेहतिसावं. यानंतर त्यांच्यासाठी वेगळा विधी नाही. ते पूर्वजांत मिसळणार. भिक्षू मंत्र म्हणून गेला होता, पाहुणे गोड सारणाचे मांजू खाऊन, उरलेल्यांच्या पुड्या बांधून गेले होते. वहिनींना सांगायचं तर आजच, असं ठरवून ओगुरी मागे थांबला होता.

सांगायचं होतं ते एवढंच. त्या सकाळी साहेबांच्या विमानाचं काम उरकून त्याने पेटीतली हत्यारं मोजली. बाराऐवजी अकरा भरली. सात नंबरचा स्क्रूड्रायव्हर नव्हता. एक जरी हत्यार कमी भरलं तर ते सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही, असा तळावरचा नियम. पण साहेब उशिरा धावत आले आणि थेट शिडी चढून आत बसले. सगळे खोळंबले होते. ओगुरी सत्तावीस वर्षांचा होता. त्याने तक्त्यावर बारा लिहिलं आणि सही केली. अर्ध्या तासाने विमान समुद्रात गेलं. हाती काही लागलं नाही, कारणही कळलं नाही. कारण आपल्याला माहीत आहे, असं ओगुरी तेव्हापासून धरून चालला होता. तो स्क्रूड्रायव्हर खुर्चीखाली राहिला असणार आणि ऐन वेळी कुठेतरी अडकला असणार.

"वहिनी, मला जरा बोलायचं होतं," तो म्हणाला.

"बोला की. आधी ह्याला टेकू देऊ. असं आभाळाकडे तोंड करून बसलेलं बरं नाही दिसत." त्यांनी देव्हाऱ्याचा खालचा खण उघडला. मेणबत्त्या बाजूला सारल्या आणि तळाची रुमालाची गुंडाळी काढून सोडली. आतली वस्तू त्यांनी विमानाच्या शेपटीखाली आडवी सरकवली. सेबर तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

स्क्रूड्रायव्हर होता. मुठीवर लाल पट्टी, पट्टीवर सात.

"हा कुठून आणलात?"

"तुमच्याच पेटीतला. त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी हे घरी घेऊन आले, माझ्या शिलाई मशीनचा स्क्रू पिळायला. सकाळी डब्याबरोबर पिशवीत घाल, ओगुरीने मोजायच्या आत परत ठेवायचाय, म्हणून दोनदा बजावलं. मी डबा घातला आणि हा विसरले. निघायला उशीर झालेला. हे पिशवी तळावरच्या खोलीत टाकून तसेच विमानाकडे पळाले असतील, बघायला वेळ कुठला."

ओगुरीने मुठीवरचा सात बोटाने चाचपून पाहिला. खुर्चीखाली काही नव्हतं. कधीच नव्हतं. त्याचा श्वास मोकळा झाला, डोळे भरून आले, आणि हसू येतंय की रडू हे त्याला कळेना. त्याने साहेबांना मारलं नव्हतं.

"नंतर परत द्यायचा धीर झाला नाही," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचा हात लागलेली शेवटची वस्तू. पण मनाला खातच राहिलं हो. आज तेहतिसावंही झालं, म्हणून विचारते. माझ्या विसरण्यापायी त्या दिवशी तुम्हाला बोलणी बसली असतील ना? हत्यार कमी भरलं म्हणून?"

नाही म्हणून मान हलवायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं, इतकं ते सोपं होतं. ओगुरीने विमानाकडे पाहिलं.

"नाही बसली," तो म्हणाला. "मी कुणाला सांगितलंच नाही, वहिनी. बारा भरली म्हणून सही केली. सांगितलं असतं तर त्या दिवशी विमान उडालंच नसतं."