जप्त केलेला तवा

हवालदारानं तवा कागदात गुंडाळला, सुतळी बांधली, लाख लावली. "नवऱ्याच्या डोक्याला सहा टाके पडलेत, मालन. हत्यारानं मारलंस. हा दखलपात्र गुन्हा. अटक होणार तुला."

तिनं पिशवीतून एनसीच्या चार पावत्या काढून टेबलावर आपटल्या. तिच्या तक्रारींच्या, याच हवालदाराच्या अक्षरातल्या. "आणि तो मारत होता तेव्हा?"

"ते अदखलपात्र. तो हातानं मारायचा. हाड कुठं मोडलं होतं? समज दिली होती की आम्ही त्याला."

"दिलीत ना. घरी येऊन त्यानं त्या समजेचाच राग काढला माझ्यावर."

हवालदारानं पंचनामा पुढं सरकवला. "सही कर."

तिला पेन धरता येईना. उजव्या हाताची दोन बोटं चौथ्या पावतीपासून वाकतच नव्हती.

"मग अंगठा दे," तो मान वर न करता म्हणाला.