करदोड्याच्या मापाचं म्यान

दुपारी बारा वाजता कळसच्या वस्तीवर म्हस्कूचा चाकू हरवला. चार वाजता त्याला साखर कारखान्याच्या गेटावर वॉचमन म्हणून उभं राहायचं होतं. पहिलाच दिवस. अंगात खाकी शर्ट, खाकी पँट, कमरेला पितळी बकलाचा रुंद पट्टा. हे सगळं सकाळीच पोरानं, बिरूनं, कारखान्यातून आणलं होतं. १९९४चा ऑक्टोबर होता आणि ऊन कडक होतं.

"चाकू न्हाय तर ड्युटी न्हाय," म्हस्कू म्हणाला आणि पट्टा सोडून बाजेवर बसला.

"आबा, तितं काठी देत्यात," बिरू म्हणाला.

"काठीनं पायातला काटा काढू व्हय?"

शिंगाच्या मुठीचा तो घडीचा चाकू मेंढरं होती तोवर म्हस्कूच्या धोतराच्या कनवटीला असायचा. मेंढरं विकली तरी तो तिथंच राहिला. पँटीला कनवट नव्हती. सकाळी त्यानं चाकू खिशात घालून बसून बघितलं आणि मांडी धरून उठला. मग चाकू कोनाड्यात ठेवला. तिथून तो गेला.

कुठं गेला, हे त्याच्या बायकोला, भामाबाईला, माहीत होतं. तो शेरडांच्या छपरावर होता, ओल्या चामड्यात, दगडाखाली. पत्र्यावर दगड असतातच. त्यात एक वाढला होता.

बिऱ्हाड वाहणारं घोडं विकलं तेव्हा भामाबाईनं त्याचा चामडी तंग, पोटाखालून आवळायचा पट्टा, ठेवून घेतला होता. त्याचा तुकडा कापून, दुमडून, दाभणानं भोकं पाडून तिनं मेणाच्या दोऱ्यानं म्यान शिवलं होतं. पण शिवून भागत नाही. चामडं भिजवायचं, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला चाकू आत दाबायचा आणि तसाच वाळू द्यायचा. वाळताना चामडं चाकूला धरून आवळतं. मग उलटं करून झटकलं तरी चाकू पडत नाही. वाळायच्या आत काढला, तर सगळी मेहनत वाया. दुसरा कुठला चाकू घालून चालत नाही. ज्याचं म्यान, तोच आत लागतो.

म्हणून ती गप्प होती. वाळत घातलेली वाकळ उलटायच्या निमित्तानं छपराशी जायची, अंगठा दाबून बघायची. अजून मऊच.

म्हस्कूनं कणगीत हात घातला. गाठोडी सोडली. मागं राखलेल्या एकुलत्या एडक्याच्या तोंडातसुद्धा बघितलं.

"ह्येनंच खाल्ला."

"आवं, चाकू खाऊन त्यो असा रवंथ करीत बसंल व्हय?" भामाबाई म्हणाली.

"तुला हसू येतंय. माझा चाकू गेलाय."

पण भामाबाई त्याला ओळखून होती. तासाभरात त्याचं शोधणं मंदावलं. तो बाजेवर ऐसपैस बसला, चहा मागितला. चाकू सापडला नाही तर बरंच, असं त्याच्या तोंडावर दिसायला लागलं. गेटाची त्याला धास्ती होती. आज गेला नाही, तर उद्याही जायचा नाही.

"आये, आता निघाय पायजे," बिरूनं एम-८० अंगणात आणून उभी केली.

"जरा थांब."

"कशाला?"

"थांब म्हणती ना."

ती पुन्हा छपराकडं गेली. या वेळी नख मारल्यावर चामडं टणक वाजलं. तिनं दगड उचलला, म्यान काढलं, पिशवी ओढून फेकली आणि चाकू परत आत सरकवला. चाकू हातात द्यायचा नसतो, भांडण होतं. भांडण दुपारपासून चाललंच होतं, तरी तिनं तो म्हस्कूच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

म्हस्कूनं म्यान उचललं. उलटं धरलं. झटकलं. आणखी जोरात झटकलं. चाकू हलला नाही. बोटानं ओढला तसा सुळकन हातात आला.

"घोड्याचा तंग हाय ह्यो," तो म्हणाला.

"मंग? टाकून द्यायचा व्हता?"

तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग उठून त्यानं पट्टा हातात घेतला आणि म्यानाच्या मागच्या फासात घालायला गेला. पट्टा जाईना. बिरूनं जोर लावून बघितला. बकल सोडाच, पट्ट्याचं टोकसुद्धा शिरेना.

"आये, फास केवढा केलायस?"

"करदोड्याच्या मापाचा. पुरुषाच्या कमरंला दुसरं काय असतं?"

"आगं, पट्टा असतो!"

"मी काय पट्टेवाल्याशी लगीन केलं व्हतं का?"

बिरूनं कपाळाला हात लावला. म्हस्कूनं पट्टा एडक्याच्या गळ्यात अडकवला. खुंटीवरून स्वतः वळलेली काळ्या लोकरीची दोरी काढली, पँटीच्या कमरेवरच्या लूपांतून आणि म्यानाच्या फासातून ओवली आणि पोटावर निरगाठ मारली. दोनदा बसून, उठून बघितलं.

"चल," तो बिरूला म्हणाला.

"आबा, सायब काय म्हणंल?"

"त्याला काटा मोडल्यावर इचारू."

गाडी फाट्याकडं गेली. एडका पितळी बकल मिरवत अंगणभर फिरला आणि एकाही शेरडाला जवळ येऊ देईना.

दिवेलागणीच्या आधी शेजारची बानूबाई बारामतीच्या बाजाराहून आली. डोक्यावरची पाटी उतरवायच्या आतच तिनं सांगितलं, "तुझा म्हातारा बघितला. आमची जीप गेटापशी थांबली व्हती. सायब त्याच्याम्होरंच उभा व्हता."

"काय करत व्हता सायब?"

"म्यान उलटं धरून झटकत व्हता."

"हसत व्हता का?"

"पाठमोरा व्हता की गं."

"आन् चाकू?"

"ते बघायला मी मान काढली," बानूबाई म्हणाली, "तवर जीप सुटली."