घाबरलेला नातेवाईक

"सर, तुम्हाला घाबरताच येत नाही," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या आणि खोटी बाळंतीण पोटावरच्या उशीसकट खदखदून हसली.

मोठे डॉक्टर ओशाळले. प्रसूतिकक्षात दर आठवड्याला हा सराव चाले. बाळंतिणीला अचानक रक्तस्राव झाला, तर कोणी काय करायचं? भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरत. आज त्यांच्या वाट्याला घाबरलेला नातेवाईक आला होता. "वाचवा हो माझ्या मुलीला," हे वाक्य त्यांनी औषधाचं नाव वाचावं तसं म्हटलं होतं. त्यांना हा सगळा पोरखेळच वाटे. दिलेली प्रत्येक सूचना मोठ्यानं परत म्हणायची, ही तर निव्वळ पोपटपंची. आणि चूक दिसली की काल आलेली पोरसुद्धा कोणालाही "थांबा" म्हणू शकणार! इतक्या वर्षांत त्यांना थांबा म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती.

त्याच दुपारी कळा सुरू झालेली त्यांची लेक सरावाच्या त्याच खाटेवर आली. नात झाली. तिचा टँहां ऐकून डॉक्टरांचा चेहरा फुलला, आणि पाठोपाठ लेकीला रक्तस्राव सुरू झाला. थांबेचना.

धाकट्या डॉक्टरीणबाई एकेक सूचना देत होत्या. जिला सांगितलं, ती मोठ्यानं परत म्हणत होती. डॉक्टरांच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. "वाचवा हो माझ्या मुलीला," असं कोणीतरी म्हणत होतं. आवाज त्यांचाच होता. त्यांनी घाईघाईनं इंजेक्शन भरलं आणि पुढे झाले.

"थांबा, सर!" नवी नर्स आडवी आली. "ते दिलंय. आत्ताच मी दिलंय."

डॉक्टरांचा हात जागीच थिजला. तेच इंजेक्शन लगेच पुन्हा दिलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

सिस्टरनी त्यांच्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि सलाइनची बाटली दिली. "ही उंच धरा, सर. हात खाली येता कामा नये. सगळी भिस्त तुमच्यावर."

डॉक्टरांनी धरली. खांदा भरून आला, नाक गळायला लागलं, तरी धरली. त्यांच्यासमोर आठ हात एकमेकांत न अडकता चालत होते. रक्ताच्या पिशव्या आल्या. हळूहळू रक्तस्राव आटोक्यात आला, मग थांबला. लेकीनं डोळे उघडले.

"बाबा, हात का वर केलाय?"

"सलाइन नको का चढायला?" डॉक्टर ओल्या गालांनी, ऐटीत म्हणाले. तेवढ्यात त्यांचं कोपर मागे कशाला तरी लागलं. त्यांनी वळून पाहिलं.

"सिस्टर, अहो, स्टँड होता की इथे!"

"होता ना," बाटली स्टँडला अडकवत सिस्टर म्हणाल्या. "पण घाबरलेल्या नातेवाइकाच्या हाताला काहीतरी काम द्यायचं असतं. आज मात्र झकास जमलं हं, सर, तुम्हाला!"