गळ्याशपथ

"जेवताना मुकं राहायचं, वसुधा. घर पेटलं तरी आधी पान संपवायचं, मग ओरडायचं. खूण करायची ती फक्त वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणायला. आणि व्रत पार पडलं की देवाला घंटा द्यायची. विसरू नकोस, आठवण करून द्यायला मी काही येणार नाही."

सासूबाई जाऊन वर्षं लोटली, तरी आवाज वसुधाच्या कानात होता. आत्ता तर तो फारच मोठ्याने येत होता. कारण तिच्या तोंडात पुरीचा घास होता, आणि शेजारच्या पाटावरच्या विहीणबाई, सुहासिनीबाई, सोन्याच्या घड्याळाचा पट्टा बोटांवर तोलत विचारत होत्या,

"काय हो वसुधाताई, कड्या भरीव आहेत ना?"

पंचावन्न सालचा कार्तिक होता. तुळशीचं लग्न लागलं होतं, उद्या त्रिपुरी पौर्णिमा, वसुधाच्या व्रताचं उद्यापन. आणि आज मुलुंडच्या तिच्या दोन खोल्यांत तिच्या लेकीचा, पद्मजाचा, साखरपुडा झाला होता. घड्याळ जावयाला दिलेलं. हात धुताना भिजेल म्हणून नंदकिशोरने ते काढून आईकडे ठेवलं होतं. सुनेच्या पाटल्या मात्र सुहासिनीबाईंनी अजून बाहेर काढल्या नव्हत्या. "जेवणानंतर घालू, घाई काय आहे," म्हणाल्या होत्या.

कड्या पोकळ होत्या. बैठकीत वसुधाच्या यजमानांनी, श्यामसुंदररावांनी, मिशीवर हात फिरवत "भरीव पट्ट्याचं घड्याळ" कबूल केलं, आणि दुकानात गेल्यावर भरीव पट्टा नुसता बघून परत ठेवला. दुकानदार समजूतदार होता. म्हणाला, दिसायला दोन्ही सारखेच, फक्त हलवू नका. पोकळ पट्टा छिनछिन वाजतो. भरीव मुका असतो.

"कोणी विचारलं तर तू गप्प राहा," असं श्यामसुंदररावांनी सकाळीच बायकोला बजावलं होतं.

"जेवताना गप्पच असते मी," वसुधा म्हणाली होती. "पण पान संपल्यावर खोटं नाही बोलणार. उद्या देवापुढे उभं राहायचंय."

बोलली खरी, पण भीती होतीच. शेजारच्या कुंदाचं ठरलेलं लग्न एका नथीवरून मोडलं होतं. आणि इथे पद्मजा, नंदकिशोरला बघितल्यापासून, रॉकेलच्या रांगेतसुद्धा गुणगुणत उभी राहायची.

श्यामसुंदररावांनी मात्र सकाळपासून विचार करून ठेवला होता. जन्मात कधी लोणचं वाढलं नाही तो माणूस कमरेला उपरणं बांधून जिलेब्यांची परात घेऊन पंगतीत उतरला, आणि थेट बायकोच्या पानापुढे वाकला.

"घे गं. लेकीचा साखरपुडा रोज रोज होतो का?"

वसुधाच्या लक्षात आलं. पानात टाकायचं नाही, हाही नेमच होता. पानात जिलेबी आहे तोवर जेवण, आणि जेवण आहे तोवर मौन.

सुहासिनीबाईंनी पट्टा कानाशी नेला. श्यामसुंदररावांनी परातीवर खाडकन झारा आपटला.

"माशी," ते म्हणाले.

पुन्हा पट्टा कानाशी गेला, पुन्हा माशी आली. मधल्या मधे आणखी जिलेब्या पानात पडल्या. त्या कशाबशा संपवून वसुधाने वर बघितलं तर परात परत समोर. तिने घाईघाईने गळ्याला हात लावला. इथवर आलंय, आता पुरे.

नेमकं त्याच क्षणी सुहासिनीबाईंनी पुन्हा विचारलं होतं, "भरीवच ना हो?"

त्यांनी गळ्यावरचा हात पाहिला.

"झालं तर," त्या पंगतीला म्हणाल्या. "वसुधाताई गळ्याशपथ सांगतायत. व्रताची बाई, आता आणखी काय विचारायचं?" पण घड्याळ मांडीवर ठेवताना त्यांचा चेहरा, का कोण जाणे, उतरला.

वसुधा दचकली, तोवर पानात नव्या जिलेब्या पडल्या होत्या. व्रताच्या शेवटच्या दिवशी, भर पंगतीत, खोटी शपथ. आता एकच उपाय होता, पान संपवणं. तिने खायचा वेग वाढवला. श्यामसुंदररावांनी वाढायचा. पंगत हात थांबवून बघू लागली.

"जिलेबी आवडते वाटतं विहीणबाईंना," पलीकडून कोणीतरी पुटपुटलं.

शेवटी परात हरली. वसुधाने शेवटचा तुकडा गिळला, वर पाणी प्यायली आणि तोंड उघडलं.

"विहीणबाई, ती शपथ नव्हती हो. माझं पोट भरलं होतं. पट्टा पोकळ आहे."

श्यामसुंदररावांनी रिकामी परात छातीशी धरली. दारात पद्मजाने चौकट घट्ट पकडली.

सुहासिनीबाईंनी घड्याळ उचललं आणि सगळ्यांदेखत हलवलं. छिनछिन, छिनछिन. त्यांना आधी खुदकन हसू आलं, मग आवरेना. डोळे पुसत त्यांनी पिशवीत हात घातला आणि लाल कागदातल्या पाटल्या काढून वसुधाच्या ओंजळीत ठेवल्या.

"ह्यासुद्धा पोकळच आहेत. आत लाख भरलीय, म्हणून वाजत नाहीत एवढंच. तुमचा पट्टा भरीव निघाला असता तर ह्या कुठल्या तोंडाने घातल्या असत्या मी? म्हणून तर सारखी विचारत होते. आणि तुम्ही शपथ घेतलीत. माझा घास उतरेना."

पहिली हसली ती पद्मजा, अगदी नवरीला शोभणार नाही इतक्या मोठ्याने. मग नंदकिशोरने घड्याळ मनगटावर चढवलं आणि हात उंच धरून वाजवूनच दाखवलं.

विडे निघाले, थट्टा सुरू झाली. तेवढ्यात वसुधाने खुंटीवरची पिशवी घेतली. सुहासिनीबाईंनी तिला दारात गाठलं.

"आता कुठे निघालात?"

"घंटा आणायला. उद्या देवाला द्यायचीय, सासूबाईंना शब्द दिलाय."

"नीट बघून घ्या हो. चांगली भरीव घ्या."

"भरीव नको बाई," वसुधा म्हणाली, "माझ्यासारखी मुकी राहायची," आणि चपला पायात सरकवून ती हळूच जिना उतरू लागली.