माहेरचं बाळंतपण

दुपारी एक वाजता डॉ. हर्षदा भिरूड यांनी भुसावळच्या प्रसूतिगृहाला कुलूप लावलं. उन्हाळाभर सपाटीवर बाळंतपण करायचं नाही, असा डॉक्टर संघटनेचा ठराव होता. गरोदर बायका, सुइणी, गारव्याची यंत्रं, सगळं तोरणमाळच्या डोंगरावर गेलं होतं. या ठरावासाठी हर्षदाताईच सर्वांशी भांडल्या होत्या. गेल्या मे महिन्यातल्या उष्म्यात त्यांच्या हातून जन्मलेलं एकही बाळ जगलं नव्हतं.

तेवढ्यात रिक्षातून इंदूबाई कोल्हे उतरल्या. सोबत कळा सोसणारी लेक, सुवर्णा.

"हिचं सासर महाबळेश्वरचं ना? तिथल्या थंडाव्यातून इथं आणलीत?"

"पहिलटकरीण आहे, ताई. पहिलं माहेरीच करतात. घरात लपवून ठेवली होती, नाहीतर तुम्ही वर नेली असती."

"आई, आता तरी गप बस गं," सुवर्णा कण्हली.

बाहेर एकोणपन्नास अंश होते. कुलूप उघडूनही उपयोग नव्हता; आत काहीच उरलेलं नव्हतं. हर्षदाताईंनी दोघींना स्वतःच्या गाडीत बसवलं.

पाचच्या सुमारास शहाद्याच्या नाक्यावर लोकांनी ती गाडी पाहिली. मागच्या काचेवर ओलं लुगडं लावलेलं होतं. तिथून डोंगरावर पोचायला दीड तास पुरतो; पण दिवस मावळला तरी गाडी तोरणमाळला पोचलेली नव्हती.