अकरा ते एक

"आवाज आला तर पेपर बंद. कळलं ना, बाबा?" मोनालीने तिसऱ्यांदा बजावलं.

देवूने तोंडावर बोट ठेवून मान हलवली. एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाका मारण्यात त्याची चाळीस वर्षं गेलेली. हळू बोलणं म्हणजे काय, ते त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. डिसेंबरात त्याच आवाजाने घात केला होता. मोनालीचा पेपर रंगात आला होता आणि अंगणातून लागोपाठ दोनदा आरोळी आली, "मोना, बोंबील आलं गो!" लॅपटॉपवर आधी पिवळी, मग लाल पट्टी झळकली. दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला, पेपर रद्द. देवू त्यानंतर दोन दिवस धड जेवला नव्हता.

आज दुसरी संधी होती आणि तीच शेवटची. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या ऑनलाइन पदवीचा हा एकच विषय अडला होता. हा गेला की चार वर्षं पाण्यात. बारावीनंतर तिने पालघरच्या कॉलेजात नाव घातलं होतं, पण आईची, ठकीची, छाती दुखायला लागली आणि तिने नाव काढून घेतलं. आयेजवळ राहून शिकता येतं, म्हणून ही घरबसल्या पदवी धरली.

आता अडचण होती ती ठकीच्या खोकल्याची. कुणी बोलून दाखवत नव्हतं. शेवटी सकाळी तिनेच विषय काढला.

"माझा खोकला काय माझं ऐकतो? मला समोर हंसाकडं नेऊन ठेवा."

हंसा म्हणजे मोनालीची काकू, गल्ली ओलांडली की तिचं घर. देवूने ठकीला दोन्ही हातांवर उचलून नेलं. तिचं वजन आता राहिलंच कुठं होतं! मोनालीने उशाशी औषधं ठेवली, पाण्याची बाटली ठेवली. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"जा गो," ठकी म्हणाली. "माझ्याकडं काय बघतंस? पेपराकडं बघ."

राहता राहिली गल्ली. तारापूरच्या बाजूची ही मच्छीमारांची वस्ती, इथे काही गुपचूप होतच नाही. मासळीचा भाव असो, भांडण असो, हळद असो की मयत, सगळं गळा काढून. कुणाच्या घरी माणूस गेलं की बायका अशा रडतात की दुसऱ्या टोकाला चुलीवरची भाकरी उतरवून लोक निघतात. सांगायला कुणी जावं लागत नाही.

अकराला पेपर सुरू झाला. कॅमेरा मोनालीकडे टक लावून बसला. पडद्यावरून नजर हटवायची नाही, हाही एक नियम होताच. बाहेर बर्फ फोडायचं मशीन घरघरत होतं. देवूने तिकडे जाऊन सांगितलं असावं, कारण ते बंद झालं. भाजीचा टेम्पो आला आणि कर्णा न लावता मुकाट्याने निघून गेला. मोनालीला हसू आलं. बाबा आज कुणालाच सोडत नव्हता.

समोरून खोकला मात्र अधूनमधून पुसट ऐकू येत होता. तेवढा लॅपटॉपला ऐकू जात नव्हता. मोनाली लिहीत राहिली.

बाराच्या सुमारास गल्लीत पावलं वाजली. बरीच पावलं, धावत आलेली. एका बाईने गळा काढला, "अगो..." आणि कुणीतरी तोंडावर हात दाबावा तसा तो आवाज तिथेच थांबला. पडद्यावर पिवळी पट्टी आली. पहिली सूचना. अजून एक आवाज आणि सगळं संपलं.

मासळीवरून कुणाची तरी जुंपली असणार. नेमकं आजच! तिला त्या बाईचा मनस्वी राग आला. तिने श्वास रोखून वाट पाहिली. पण मग काहीच आलं नाही. हाक नाही, भांड्याचा आवाज नाही, खोकलासुद्धा नाही. आयेला झोप लागली असेल, बरं झालं, असं तिच्या मनात आलं. तिने पुढचा प्रश्न वाचला.

शेवटचा तास तिने झपाटल्यासारखा लिहिला. सगळं येत होतं. एक वाजता बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. उत्तरं जमा झाली. ती उठली, कॅमेरा बंद केला आणि धावत जाऊन दार उघडलं.

गल्ली माणसांनी भरली होती. बायका जमिनीवर बसल्या होत्या, हंसाच्या दारापासून थेट मोनालीच्या पायरीपर्यंत. प्रत्येकीच्या तोंडात पदराचा बोळा होता. पुरुष भिंतींना टेकून उभे होते. पोरंसुद्धा गप्प होती. हंसाच्या दारात दोन्ही हात आडवे पसरून देवू उभा होता. पेपर सुरू झाल्यापासून इथेच उभा असल्यासारखा.

मोनालीला भरून आलं. तिच्या एका पेपरासाठी सगळी आळी तोंड दाबून बसली होती!

"बाबा, झाला!" ती ओरडली. "सगळं आलं मला. पास होणार मी!"

कुणी हललं नाही. देवूने हात खाली घेतले. तो बायकांमधून वाट काढत तिच्याजवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जमा झाला?"

"झाला."

"आता आवाज आला तर चालंल?"

"चालंल की. असं का विचारतोस, बाबा? आये कुठं हाय?"

देवूने तिला छातीशी धरलं. मग तो बायकांकडे वळला आणि आयुष्यात कधी बोलला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाला, "रडा गो आता."